जाकिटाच्या आतलं माप

आमच्या दुकानात शर्ट तो कापतो आणि पँट मी. टेबल दोघांत एकच, मध्ये खडूची रेघ, आणि त्याची कात्री माझ्या बाजूला आली की मी बोलल्यावाचून राहत नाही. त्याला सगळे जाकीट म्हणतात. कितीही उकडत असो, शर्टावर बिनबाह्यांचं जाकीट असतंच. इस्त्रीच्या वाफेत मी नुसत्या बनियनवर काम करायचो आणि हा गडी जाकिटात घामानं निथळायचा. काढ की लेका ते, म्हटलं तर म्हणायचा, सवय आहे.

पाणी कुठं मुरतंय ते मला ठाऊक होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या छातीला टेप लावणाऱ्या या माणसानं स्वतःच्या छातीला कधी कुणाला टेप लावू दिली नव्हती. मिसरूड फुटायच्या वयात त्याची छाती बाईसारखी वर आली, ती पुन्हा बसलीच नाही. शाळेत पोरांनी काय काय चिडवलं ते तो सांगत नाही आणि मीही विचारत नाही. पुढे पळून-चालून पोट उतरवलं, छाती तशीच. त्याच्या वडिलांना आम्ही थोरले मास्तर म्हणतो. त्यांनी उभ्या गावाला शर्ट घातले, पण पोटच्या पोराचे शर्ट मात्र नजरेच्या अंदाजानं शिवले, कारण टेप दिसली की पोरगा पसार व्हायचा.

थोरले मास्तर आता दुकानामागच्या खोलीत असतात. नजर गेल्यात जमा, हात थरथरतात. एकदा ते मला म्हणाले, पण आवाज जाकिटाला ऐकू जाईल एवढा होता, की हात पुरते जायच्या आत एक शर्ट पोराच्या खऱ्या मापाचा कापायचाय. पांढरं कापडही त्यांनी बाजूला काढून ठेवलं होतं. त्या दिवसापासून जाकिटाच्या जिवाची घालमेल सुरू झाली. बटण तोंडात धरून विसरायचा, एकच बाही दोनदा कापायचा.

शेवटी त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्याला डॉक्टरकडे धाडलं आणि सोबतीला मला त्याच्या गळ्यात बांधलं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं म्हणतात. इथं डॉक्टर परका होता खरा, पण निघाल्या बाई. जाकिटानं दोन्ही हातांनी जाकीट घट्ट धरलं. डॉक्टरबाईंना त्याचं काही नवल नव्हतं. त्यांनी दाबून पाहिलं, रक्त तपासायला लावलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं की ही नुसती चरबी नाही, आत गाठीसारखी ग्रंथी वाढलीय. पुष्कळ पुरुषांना होतं, तुमच्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण व्यायामानं ती जाणार नाही. भूल देऊन बारीक नळीनं चरबी ओढून काढायची आणि स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेला छोटासा छेद घेऊन ग्रंथी काढायची. नंतर काही दिवस पाणी निघून जायला नळ्या, काही आठवडे अंगाला घट्ट बसणारा दाबाचा बनियन. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, वजन उचलायचं नाही. सूज येईल, निळं पडेल, काही महिने बधिर वाटेल. व्रण राहील, हळूहळू फिका होईल.

"आणि आरशावर इतक्यात विश्वास ठेवू नका," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला सुजेमुळे छाती होती तेवढीच वाटेल."

जाकिटानं सगळं ऐकून एवढंच विचारलं, की माप कधी घेता येईल. बाईंना ते कळलं नाही. मला कळलं.

ऑपरेशन सुरळीत झालं. खरी परीक्षा घरी आल्यावर लागली, आणि ती आमची सगळ्यांचीच लागली. कात्री धरायची नाही, मशीनवर बसायचं नाही, म्हणून हा दुकानात नुसता येरझाऱ्या घालायचा. पायाला भिंगरी लागल्यासारखा दारापाशी जायचा, परत यायचा, माझी पँट उचलून बघायचा, नाक मुरडायचा आणि ट्रायल रूमच्या आरशात डोकवायचा. छाती होती तेवढीच दिसायची. मी म्हणालो, पी हळद आणि हो गोरी असं असतं का रे? तो उलट माझ्यावरच खेकसला. मागच्या खोलीत थोरल्या मास्तरांच्या हातून सुई पडायची, तिचा आवाज तो काय येणार, पण म्हातारा चाचपडायला लागला की हा ताडकन उठायचा. दिवस आपले जात होते, सूज जात नव्हती, आणि मलाही आता रात्री जेवण गोड लागेना.

मग त्यानं शिंप्यानंच करावी अशी चूक केली. हॉस्पिटलचा तो बनियन त्याला पहिल्यापासून पटला नव्हता. बगलेखाली ढिला आहे, म्हणायचा, दाब कसा बसणार? ढिलं दिसलं की आत घ्यायचं, ही आमच्या हाताची खोड. मी बटणं आणायला गेलो तेवढ्यात यानं बनियन काढला, दोन्ही बगलांखाली मशीन मारली आणि पुन्हा चढवला. मी आलो तर स्वारी खुशीत.

दोन दिवसांत डाव्या बाजूला पावासारखा फुगवटा आला आणि बगलेखाली लाल वळ. डॉक्टरबाईंनी सुईनं आतलं पिवळट पाणी काढलं. बनियन उलटा करून शिवण पाहिली आणि विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणालो, गावातल्या सगळ्यात चांगल्या शर्टवाल्यानं. त्या हसल्या नाहीत. दाब सगळीकडे सारखा हवा, एका जागी आवळलं तर कातडीला काच बसतो आणि पाणी दुसरीकडे साठतं, असं त्यांनी समजावलं. शिवण उसवून मूळ मापाचा करा, आणि आता बनियन आणखी बरेच दिवस घालावा लागेल.

दुकानात आल्यावर जाकीट स्टुलावर बसला. म्हणाला, "तोवर बाबांचे हात राहतील का रे?" मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त कीव.

मी ब्लेड घेऊन उसवायला बसणार तोच थोरले मास्तर भिंत धरत आले. बनियन माझ्या हातातून घेतला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

"दोन्हीकडे सारखंच आत घेतलंय," ते म्हणाले. "माणूस दोन्हीकडे सारखा असतो का कधी?"

ते बसले आणि थरथरत्या हातानं एकेक टाका उसवत राहिले. मला सारखं वाटत होतं की हिसकावून घ्यावं आणि झटक्यात संपवावं. संपल्यावर त्यांनी माझ्या गळ्यातली टेप काढली. जाकीट उघडाच होता, खांद्यावर फक्त पंचा. तो मागे सरकत टेबलाला टेकला.

"आत्ता नको, बाबा. सूज आहे. बसू दे आधी."

"पहिलं जाकीट तू मागितलंस, ते मी अंदाजानं शिवून दिलं," म्हातारा म्हणाला. "कशाला हवंय ते मला कळलं होतं. शर्ट मापानं शिवणार."

आम्ही शिंपी टेप उघडली की पहिलं बोलतो ते हात वर करा. त्यांच्याही तोंडात तेच आलं होतं, पण ते थांबले. "हात वर करू नकोस. मी वाकतो," म्हणाले. त्या वयात वाकून त्यांनी बगलेखालून टेप मागे घातली, चाचपत पुढे आणली आणि निळ्या पडलेल्या छातीवर जुळवली. टेप हलत होती. आकडा त्यांना दिसेना, म्हणून जिथं टोक आलं तिथं अंगठ्याचं नख दाबून धरलं आणि माझ्याकडे तोंड केलं. मी आकडा वाचला.

"सुजेसकट कापतो," ते म्हणाले. "उतरली की आत घेऊ. कापड आत घेता येतं."

मला वाटलं, हा आता पळणार. जाकिटानं डोळे मिटले होते, गालावरून पाणी येत होतं, आणि तो जागचा हलला नाही. म्हातारा टेप गुंडाळायला लागला तेव्हा त्यानं हनुवटी वर केली.

"गळ्याचं राहिलं, बाबा," तो म्हणाला.