दुखत नाही, मुंग्या येतात

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. आणि ती बाई माझा शर्ट धुवायला टाकण्याआधी खिशातली चिठ्ठीन् चिठ्ठी वाचते, तेव्हा समजा! तुम्हाला सांगतोय — तुम्हालाच का, ते विचारू नका.

नव्वदनंतरचे ते दिवस. गावोगाव टेलिफोन पोचत होते. आमच्या भोसरीच्या कारखान्यात एक्स्चेंजसाठी वायरींचे जुडगे बांधायचे. मी तिथे सेफ्टी ऑफिसर — कोथरूडचा, डिप्लोमावाला, रुबाब काय विचारता! बांधणाऱ्यांत एक सुमनबाई, वर्धेकडून येऊन विश्रांतवाडीत राहिलेल्या. त्यांचे हात... अहो, काय हात होते! मेणाचा दोरा, एक वेढा, मनगटाला झटका — गाठ. दिवसभर तेच. नजर भलतीकडे, गप्पा चालू, आणि गाठ मात्र प्रत्येक सारखी. देवळातसुद्धा मी कधी इतका वेळ स्तब्ध उभा राहिलेलो नाही.

त्यात परदेशी गिऱ्हाइकाचा नवा फॉर्म आला. तेच ते काम करून कुणाच्या हाताला इजा होतेय का, हे टेबलाटेबलापाशी जाऊन तपासायचं. मनगट किती वाकतं, तासाला किती वेळा, आणि शेवटी — दुखतं का? होय किंवा नाही. त्याआधी आम्हाला प्रशिक्षण दिलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुखण्याची वाट बघू नका, आधी मुंग्या येतात. मुंग्या म्हटल्या की त्या माणसाचं काम लगेच बदला.

सुमनबाईंना विचारलं. हसल्या. "दुखत नाही जी. पहाटे मुंग्या येतात, बस्स."

मी 'नाही'वर खूण केली.

खोटं होतं का ते? फॉर्मात मुंग्यांचा रकानाच नव्हता — ही पळवाट मी कितीदा घोकली असेल! वरच्यांचा दबाव? कुणी ब्र काढला नव्हता. मग का? — पुढच्या आठवड्यात त्या गिऱ्हाइकाकडचे परदेशी पाहुणे कारखाना बघायला यायचे होते, आणि मला त्यांना ते हात दाखवायचे होते. 'होय' लिहिलं असतं तर बाईंना दुसऱ्या कामाला लावावं लागलं असतं. एवढंच. माझा जीव त्या हातांवर होता, बाईंवर नव्हता. पाहुणे आले, थक्क झाले, त्यांनी फोटो काढले. मी टाय सारखा करत बाजूला उभा होतो.

दोन वर्षांत त्यांच्या हातून दोरा सुटायला लागला. मग चहाचा कप. मग नोकरी. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता, असं कानावर आलं. मी भेटायला गेलो नाही.

मागच्या वर्षी आळंदी रोडच्या बसथांब्यावर भेटल्या. ओळखलं त्यांनीच. बरोबर चारेक वर्षांची नात, तिला तहान लागलेली. पाण्याची बाटली पिशवीत, आणि पिशवीच्या बंदांना सुनेनं मारलेली गाठ. सुमनबाईंची बोटं त्या गाठीवरून नुसतीच फिरत राहिली. मी बघत होतो. पुन्हा बघतच होतो!

"साहेब, सोडून देता का जी?"

सोडली. साधीच गाठ होती.

नात पाणी प्यायली. तिचं तोंड पदरानं पुसत सुमनबाई म्हणाल्या, "हे आमचे साहेब. परदेशच्या लोकांना आणून माझे हात दाखवले होते यांनी!" सांगताना चेहरा कसा फुलला होता त्यांचा. पोरगी माझ्याकडे बघायला लागली — खरं का, म्हणून.

मी 'हो' म्हणालो.