जरा चावणारी कुट्टी

"ताई, झटका बसला तेव्हा तुमचं हृदय अगदी व्यवस्थित चाललं होतं," डॉक्टर म्हणाले.

पुण्याच्या दवाखान्यात मी खाटेवर पडले होते. छातीत बसवलेल्या मशीनच्या बरोबर वर एक चपटी वस्तू ठेवली होती आणि तिची वायर कॉम्प्युटरला जोडली होती. मशीननं कधी काय केलं ते असं वाचण्याला इंटरॉगेशन म्हणतात, म्हणजे उलटतपासणी. आधीच्या आठवड्यात घरी माझी उलटतपासणी चालली होती. काय उचललंस, गोळी चुकवलीस का, कशाचं टेन्शन घेतलंस? त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं ऐकून मला हायसं वाटायच्या आधी राग आला.

मी न्हावऱ्याची. आमच्या घरी ऊस आहे, कांदा आहे, पण गोठा माझा. लग्नानंतर एका कालवडीपासून मी तो वाढवला. मागच्या वर्षी बहिणीकडे दौंडला गेले होते, तिथं एसटी स्टँडवर चक्कर येऊन कोसळले. निदान झालं व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाचं. म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे इतक्या वेगानं धडधडतात की रक्त पुढं ढकलायचंच राहून जातं. लोकांनी वेळेवर उचलून नेलं म्हणून वाचले.

मग पुण्यात आयसीडी बसवलं. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, डाव्या खांद्याच्या खाली कातडीच्या आत. तिची तार हृदयात जाते. हृदय बेफाम झालं की ती आतूनच विजेचा झटका देऊन त्याला ताळ्यावर आणते.

घरी सोडताना सूचना दिल्या. विमानतळावर तपासणीच्या वेळी कार्ड दाखवा. एमआरआयच्या आधी विचारा. मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवू नका. न्हावऱ्यातून विमान कुठून सुटतं ते मला अजून सापडलेलं नाही. आणि खिसा म्हणाल तर आम्हा बायकांना तो असतो कुठं? आमच्याकडे निम्म्या बायकांचा मोबाईल ब्लाउजात असतो, तोही डावीकडे, मशीनला चिकटून. तो वीतभर लांब हवा, हे कुणी सांगितलं नाही. बाई, तू दिवसभर कशाकशाला हात लावतेस, हा साधा प्रश्न एकानंही विचारला नाही.

जखम भरेपर्यंत मला गोठ्यात जाऊ दिलं नाही. शेवटी एका सकाळी मीच उठले आणि गेले. गाईंना हात लावला, गव्हाणी झाडल्या, मग गवत कापायला कडबा कुट्टी चालू केली. एक हात तिच्या पत्र्यावर टेकून दुसऱ्या हातानं पेंढी सारली आणि छातीत म्हशीनं लाथ मारावी तसा दणका बसला. मी मागं पडले.

सासूबाई धावत आल्या. मिस्टरांनी गाडी काढून शिरूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो ठीक होता. मशीननं झटका दिला म्हणजे काहीतरी झालं असणार, पुण्याला दाखवा, म्हणाले. पुण्याची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली.

हा आठवडा कसा गेला ते ज्यांच्या छातीत हे मशीन आहे त्यांनाच कळेल. आंघोळ करताना, जिना चढताना, भाकरी थापताना मी पुढच्या झटक्याची वाट बघत होते. मला मरणाचं इतकं भय वाटलं नाही जितकं त्या दणक्याचं वाटलं.

तेवढ्यात घरच्यांनी ठरवूनही टाकलं. गाई विकायच्या. केंदूरचा एक व्यापारी येऊन बघूनही गेला. मला विचारलं नाही. मी कुरकुर केली तर मिस्टर म्हणाले, "जीव महत्त्वाचा का गाई? डॉक्टर काय वेगळं सांगणार हाय?" मला वाटलं, माझंच हृदय फितूर झालंय.

आणि इथं डॉक्टर सांगत होते की हृदयाचा काही दोषच नव्हता. त्यांनी पडद्यावरच्या बारीक, दाट, एकसारख्या रेघा दाखवल्या. ही तुमची धडधड नाही, ही बाहेरची वीज आहे, म्हणाले. याला इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंटरफिअरन्स म्हणतात, म्हणजे बाहेरच्या विजेची किंवा चुंबकाची मशीनच्या कामात ढवळाढवळ. वीज हातातून शिरली, छातीतून पायात आणि पायातून जमिनीत गेली. मशीनला वाटलं हृदयच बेफाम झालं, म्हणून त्यानं झटका दिला. पडल्यामुळे हात सुटला, नाहीतर आणखी बसले असते.

"कुट्टीला हात लावल्यावर मुंग्या आल्या होत्या का?" त्यांनी विचारलं.

"त्या तर रोजच येतात," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रोज म्हणजे? मग मी सांगितलं. आमची कुट्टी जरा चावते. शेजारची पण चावते. विहिरीवरचा पाइपसुद्धा चावतो. पायात काय होतं, त्यांनी विचारलं. काही नाही. गोठा म्हणजे लक्ष्मीची जागा, तिथं चपला घालून जायचं नाही, ही आमच्या घरची रीत. खाली शेण-पाण्यानं ओली फरशी, त्यावर अनवाणी बाई आणि हाताखाली चावणारा पत्रा. सांगता सांगता मलाच आपण काय बोलतोय ते ऐकू आलं. आजवर माणसं जिवंत कशी राहिली याचंच नवल.

घरी येऊन मी आधी वायरमनला बोलावलं. त्यानं टेस्टर टेकवला, दिवा लागला. कुट्टीची अर्थिंगची वायर प्लगमधून तोडून मागं वळवून ठेवली होती, कारण बोर्डात तिसरं भोकच नव्हतं. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

मिस्टर म्हणाले, "आगं, चावती म्हणून तर मी काठीनं बटन बंद करतो."

म्हणजे यांना माहीत होतं. स्वतःसाठी काठी होती. दुसऱ्या कुणाला हात लावावा लागतो हे डोक्यात आलं नाही. आठवडाभर माझ्या काळजाला नावं ठेवली आणि गाई विकायला काढल्या. मी त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सासूबाईंनीही मला गप्प केलं नाही.

अर्थिंग नवं केलं. ईएलसीबी बसवलं, म्हणजे वीज कुठं गळाली की लगेच पुरवठा तोडणारं बटण. तरी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कुट्टीवर आता मिस्टर असतात. वेल्डिंग चालू असेल तिथं मी थांबत नाही, मोबाईल पिशवीत ठेवते. धड अवस्थेतल्या मिक्सर-फ्रिजला भ्यायचं कारण नाही. कुणाच्या छातीत असं मशीन असेल तर डॉक्टरांना आपलं रोजचं काम नीट सांगा, त्यांनी नाही विचारलं तरी सांगा. आणि झटका बसला तर लगेच दवाखाना गाठून उलटतपासणी मशीनची करायला लावा.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी गोठ्यापर्यंत चौकशी केली.

व्यापारी ठरल्याप्रमाणे टेम्पो घेऊन आलाच. मिस्टर त्याला अंगणात सौदा का मोडला ते समजावत होते, "हिच्या छातीतल्या मशीनमुळं सगळं वायरिंग बदलायला लागलं बघा."

मी धारेची बादली खाली ठेवली आणि बाहेर आले.

"माझ्या मशीनमुळं न्हाई," मी म्हणाले. "तुमची कुट्टी सगळ्यांनाच मारायला बसली व्हती. मला आधी कळलं, एवढंच. टेम्पो रिकामा न्या, मामा. गाई माझ्या हायत."