काशीला सोडलेला आंबा

भानुदासकाका घरी आलेल्या माणसाची पिशवी आधी दोन बोटांनी दाबून बघत आणि मगच त्याला ‘या’ म्हणत. चितेगावच्या एका कंपनीच्या गेटवर कामगारांचे डबे तपासण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. निवृत्त होऊन ते आमच्या शेजारी राहायला आले, पण गेट काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. आज काका नाहीत, आणि माझी पिशवी कुणी दाबत नाही याची मला चुटपुट लागते.

अशा माणसाला साखर निघाली. पहिला संशय लॅबवर. “रक्त दुसऱ्याचं असंल. मला गोडाची आवडच नाय,” असं ते म्हणाले तेव्हा त्यांच्या मिशीला आमरस लागलेला होता! दुसऱ्या लॅबनंही तेच सांगितलं, तर म्हणाले, “दोघं मिळालेले दिसत्यात.” डॉक्टरांनी आंबा, चिकू, सीताफळ सगळं बंद केलं. पुढं साखर आटोक्यात आल्यावर तेच डॉक्टर म्हणाले, आंब्याची एखादी फोड कधीमधी चालेल. काका पांढरेफटक होऊन घरी आले. “आधी नाय म्हणला, आता खा म्हणतो. म्हंजी माझं काही खरं नाय. शेवटची इच्छा पुरी करून घेतोय त्यो.” त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, हसून हसून बेजार झाल्या. काकांनी ती फोड खाल्ली नाहीच.

अक्षय्यतृतीयेला मी दोघांना जेवायला बोलावलं. काकूंनी आमरसाची वाटी बाजूला सारली. “मी काशीला आंबा सोडलाय.” काशीयात्रेला गेलं की एक फळ कायमचं सोडायची रीत आपल्याकडे आहेच, म्हणून मी आग्रह केला नाही. काकांचा घास मात्र हातातच राहिला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “हिनं काशीला रामफळ सोडलं. मी संगं होतो की. खोटं कशापायी बोलती? चोरून खात असंल.”

झालं. काका रोज कचऱ्याचा डबा उपसू लागले. ना कोय सापडली, ना साल, आणि काहीच सापडत नाही म्हणून संशय आणखी वाढला. “आंब्याचं जाऊ दे गं,” ते एकदा मला म्हणाले, “पर ही माझ्याशी खोटं बोलाय लागली.” नवराबायकोचं बोलणं बंद होत चाललं. मला दोघांचीही काळजी वाटू लागली. शेवटी काकांनी मला साक्षीला बसवून काकूंना विचारलंच.

काकू भडकल्या. “तुमच्यापुढं बसून चाटून खाऊ व्हय? अन् तुमच्यामागं गळ्याखाली उतरंना! लोक लई आग्रह करत्यात, म्हणून काशीचं नाव सांगितलं. आता काढा मला गेटाबाहेर!”

काका तडक उठले. चप्पल घालून गेले आणि केसर आंबा घेऊन आले. स्वतः चिरला आणि ताटली काकूंपुढे ठेवली.

“माझ्या डोळ्यांदेखत खायाचा.”

काकूंनी एक फोड उचलून त्यांच्याच पुढे धरली.

“डॉक्टर म्हणला म्हणून देती, का तुझ्या मनानं?”

“माझ्या मनानं.”

काकांनी ती खाल्ली. “आंबट हाय. तूच खा,” म्हणत ताटली काकूंकडे सरकवली. काकू डोळे पुसत मुकाट्यानं खाऊ लागल्या. एक फोड माझ्याही वाट्याला आली. इतका गोड केसर मी त्या उन्हाळ्यात दुसरा खाल्ला नाही.