मारायचा नाही, उतरवायचा

बॅट हातात आली की माझ्या अंगात वारं शिरायचं. चेंडू दिसला की हाणायचा, एवढीच माझी अक्कल. डहाणूच्या आमच्या शाळेत मुलींची बेसबॉलची टीम होती आणि तिच्यात सगळ्यात लांब मारणारी मी, हे मी आशागडच्या रिक्षावाल्यांनासुद्धा सांगून ठेवलं होतं. त्यामुळे २०१६ साली, दहावीत असताना, खेळाच्या मॅडमनी मला बंट शिकवायला घेतलं तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

बंट म्हणजे बॅट फिरवायचीच नाही. नुसती आडवी धरून चेंडू पुढ्यात पाडायचा. मारणारी बहुतेक वेळा आऊट होते, पण त्या गडबडीत पुढच्या बेसवर, म्हणजे धावेतल्या टप्प्यावर, थांबलेली मुलगी धावून रन काढते.

"म्हणजे मरायचं मी आणि नाव तिचं?" मी विचारलं.

"हो," मॅडम म्हणाल्या, "आणि मरण्याआधी भिंतीला टेकून बस."

खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. माझ्या मांड्या लटलटायच्या आणि मॅडम समोर निवांत चहा प्यायच्या. मग ओला टॉवेल पिळायचा, वाळू भरलेल्या बाटल्या नुसत्या मनगटाने उचलायच्या. चेंडू खाली आला तर हात नाही वाकवायचे, गुडघे वाकवायचे. बॅटचं टोक वर. वरच्या हाताची बोटं बॅटच्या मागे, नाहीतर ठेचलीच. हे सगळं जमलं. एकच जमेना. चेंडू आला की माझे हात पुढे धावायचे, आणि चेंडू टणकन उडून पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, हातात जायचा.

घरी वेगळीच कटकट. बाबा चिकूच्या वाडीत कामाला होता आणि संध्याकाळी त्याला मी हाताशी हवी असायची. "एक मॅच बघतो," तो म्हणाला. "दम दिसला तर खेळ. नाहीतर दहावीनंतर बॅट बंद." बाबा एकदा बोलला की विषय संपला.

त्याच आठवड्यात वाडीत मी चिकू काढत होते. टोकाला जाळी लावलेला लांब बांबू, फळ जाळीत घ्यायचं आणि देठापासून सोडवायचं. मी हिसका दिला. बाबा मागून ओरडला, "अगं, भांडतेस काय त्याच्याशी! फळ जाळीत आलं की त्याच्याबरोबर हातही खाली आण. उतरव त्याला." हे मी लहानपणापासून हजारदा ऐकलं होतं. त्या दिवशी ट्यूब पेटली. दुसऱ्या दिवशी चेंडू आला तसे मी हात किंचित मागे घेतले, आणि चेंडू गुपचूप पायाशी पडला. मॅडमचा चहा सांडला. बाबाला मात्र मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वर्षभर ऐकवलं असतं.

मॅच तलासरीला होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून एसटीने आला, हातात चिकूची भलीमोठी पिशवी. पंचांना द्यायला आणलीय की काय, म्हणून मैत्रिणी हसल्या.

शेवटच्या डावात दोघांचे रन सारखे. आमची एक आऊट, माझी मैत्रीण तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या बेसवर, आणि बॅटिंगला मी. मॅडमनी टोपीला हात लावला. म्हणजे बंट. तेवढ्यात बाबा ओरडला, "हाण!" अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं.

मला हाणायचंच होतं हो! आयुष्यात एकदाच बाप बघायला आला होता. पण मैत्रीण तिथून निघण्याच्या तयारीत वाकून उभी होती, माझ्याकडे बघत. मी गुडघे वाकवले. चेंडू आला. मी उतरवला.

चेंडू गवतात जाऊन बसला, मैत्रीण धावत येऊन रन पुरा करून गेली, मी पहिल्या बेसवर आऊट. आम्ही जिंकलो. पोरींनी तिला उचललं. मी बाबाकडे पाहिलं. तो पिशवी घेऊन तसाच उभा होता. टाळी नाही, काही नाही. संपलं, मी मनात म्हटलं.

परतीच्या एसटीत बाबाने दोघांची तिकिटं काढली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"आऊट झालीस."

"मला हाणता आलं असतं!" मी रडायलाच लागले. "मुद्दाम नाही हाणला, बाबा."

"दिसलं मला. जाळीत घ्यावा तसा घेतलास. हात मागे आणलेस." मग खिडकीकडे बघत म्हणाला, "मॅडमना सांग, पोरीला संध्याकाळी सवडीने सोडा. वाडीतलं मी बघतो."

मी नाक पुसलं. "मग टाळ्या का नाही वाजवल्यास?"

"हातात पिशवी होती ना. खाली ठेवली असती तर चिकूंना डाग पडले असते."

पिशवी अजून त्याच्या मांडीवरच होती. मॅडमसाठी आणलेले चिकू तो द्यायलाच विसरला होता.