टिळ्याखालची बत्ती

तोंड नसलेलं यंत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. मिक्सरवर निदान एक-दोन-तीन लिहिलेलं असतं, वॉशिंग मशीन आकडे दाखवतं, गल्लीतला पाण्याचा पंप बिघडला की आमच्या अर्ध्या बमरोली वस्तीला ऐकू जातं. या प्रिंटरला काही म्हणजे काहीच नाही. पांढरा डबा, वर दोन-तीन बटणं आणि त्यांच्या शेजारी मुगाच्या दाण्याएवढी एक बत्ती. खोक्यातून काढल्यावर मी तो उलटासुलटा करून पाहिला. मला वाटलं, कंपनीवाले काच लावायचीच विसरले.

"मम्मी, त्याला स्क्रीन नसतोच," लेक फोनवर म्हणाली. ती लग्न होऊन वडोदऱ्याला असते. तिनेच तो ऑनलाइन मागवून आमच्या पत्त्यावर पाठवला होता. "ती बत्तीच बोलते. लुकलुकायला लागली की समज, तो वायफायला जोडून घ्यायला तयार आहे."

बत्ती बोलते म्हणे! घरात एक न बोलणारं माणूस होतंच, आता ही दुसरी भर.

आमच्या ह्यांना लकवा मारला तेव्हा उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचा गेली. सगळं आयुष्य लूमच्या खात्यात गेलेलं, म्हणजे जिथे ओळीने कापडाची यंत्रं धडधडत असतात त्या शेडमध्ये. कान अर्धे निकामी झालेले, त्यामुळे घरी आले की नेहमी ओरडून बोलायचे. मीठ मागायचे तरी शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण चाललंय. मी त्यावरून किती वेळा खेकसले असेन. आणि एका सकाळी तो आवाज जो बंद झाला तो झालाच. डॉक्टर म्हणाले, सगळं कळतं त्यांना, फक्त तोंडातून शब्द निघत नाही. लिहायचं म्हणावं तर उजवा हात लाकूड झालेला, आणि शाळा चौथीपर्यंतच.

हॉस्पिटलात बोलायला शिकवणारी एक बाई आहे, ती म्हणाली, मोठमोठी चित्रं छापून आणा. पाणी, चहा, संडास, दुखतंय, थंडी वाजतेय. ते बोट ठेवतील, तुम्हाला कळेल. मोबाइलवर दाखवून पाहिलं, पण त्यांचं बोट लागलं की चित्र सरकून पळायचं आणि ते वैतागायचे. ती बाई दर खेपेला नवी चित्रं पाठवणार, म्हणून लेकीने प्रिंटरच घेऊन दिला. मला बाकी कशाची हौस नव्हती. ह्या माणसाला काय हवंय ते एकदा कळू दे, एवढंच मागणं होतं माझं.

तर त्या दिवशी दुपारी मी पदर खोचून बसले. पण यंत्राची तार भिंतीत जायच्या आधी सासूबाई आडव्या आल्या.

"नवं यंतर शे, कुंकू लावाबिगर सुरू करू नको वं."

आमच्या घरात हा नियमच आहे. शिलाई मशीन असो, मोटरसायकल असो नाहीतर गॅसची शेगडी, आधी पूजा, मग बटण. सासूबाईंनी कुंकू तेलात घट्ट कालवलं, डब्यावर अंगठ्याने भला थोरला टिळा लावला, दोन अक्षता टाकल्या, नारळाऐवजी वेलदोडा ठेवला आणि हात जोडले. अक्षता कागदाच्या फटीत जाणार होत्या, त्या मी वेळीच झटकल्या. तरी बरं.

मग सुरू झाली आमची वरात. लेक फोनवर सांगतेय, वायफायचं बटण दाबून धर. धरलं. "लुकलुकतेय का?" नाही. "अजून धर." धरलं. "आता?" काही नाही गं बाई. "सोड, परत दाब." डबा आतून कुर्रर्र करायचा, पोटात कळ आल्यासारखा, आणि गप्प व्हायचा. तार काढली, लावली, परत दाबलं. बत्ती काही पेटेना. लेक म्हणे, बत्ती लुकलुकल्याशिवाय पुढे जाऊच नको. मी म्हटलं, मग हा मेलेलाच पाठवलाय, परत कर. ती म्हणाली, मम्मी ओरडू नको. मी म्हटलं, मी ओरडत नाहीये! पलंगावरून हे माझ्याकडे टक लावून बघत होते आणि मधूनच डावा हात हलवत होते.

तो हात हलवणं म्हणजे आमच्या घरातलं दुसरं दुखणं होतं. दोन बोटं कानाला लावायची, मग पंजा पालथा करून खाली झटकायचा. दिवसातून कितीतरी वेळा. आम्ही ठरवलं होतं की कान दुखतो. लसूण घालून कडवलेलं तेल कोमट करून मी रोज कानात सोडायचे. कानाच्या डॉक्टरलाही दाखवलं. तो म्हणाला, कान स्वच्छ आहे. पण हे करतच राहिले, मी तेल घालायला गेले की डोकं फिरवायचे. मी म्हणायचे, ज्याचं करावं भलं, तो म्हणे माझंच खरं.

आणि संध्याकाळची तऱ्हा वेगळी. मी पोळ्या लाटायला उभी राहिले की छातीवर थाप मारायचे आणि मग हात हळूहळू खाली न्यायचे. पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं. रिक्षा करून दवाखान्यात नेलं, छातीची पट्टी काढली, काही निघालं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, गॅस शे. तेव्हापासून रोज संध्याकाळी ओव्याचं पाणी. तोंड वाकडं करून प्यायचे बिचारे.

शेवटी लेक म्हणाली, राऊटर बंद करून चालू कर, कधीकधी त्याने होतं. मी केलं. टीव्ही वायफायवर चालतो, तोही फिरणारं चक्र दाखवत अडकला आणि आवाज गेला. घर एकदम शांत झालं. मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि दचकलेच. डोळे मिटलेले, चेहरा सैल, हात पोटावर निवांत. मी धावत जाऊन नाकापुढे बोट धरलं. श्वास व्यवस्थित चालला होता. तेवढ्यात राऊटर परत लागला, टीव्हीवर भजन जोरात सुरू झालं, आणि ह्यांनी डोळे उघडून दोन बोटं कानाला लावली.

बाहेरून हाक आली, "वहिनी, वायफाय गेलं होतं का?"

शेजारचे भाऊ. आमचं वायफाय दोन घरांत मिळून आहे. ते आणि हे एकाच खात्यात, शेजारशेजारच्या यंत्रांवर, जवानीपासून. पण ह्यांना लकवा झाल्यापासून भाऊ कधी आत आले नव्हते. दारातून विचारायचे, बरं आहे का, आणि डोळे चोरून निघून जायचे. एकदा म्हणाले होते, मला बघवत नाही वहिनी. मला राग यायचा. बघवत नाही म्हणे, आणि आम्ही चोवीस तास काय करतो?

"आत या आणि तो राऊटर बघा," मी म्हटलं. "माझं डोकं फिरलंय."

भाऊ मान खाली घालून आत आले. राऊटर टीव्हीच्या मागे. तिकडे जाताना त्यांची नजर पलंगावर गेली. ह्यांनी तेच केलं, दोन बोटं कानाला, पंजा खाली. आणि भाऊंनी, अगदी सहज, चालता चालता आपला अंगठा वर केला आणि टीव्हीचं बटण बंद केलं.

"अहो, बंद का केलात?" मी म्हटलं.

मी वेडी असल्यासारखे भाऊ माझ्याकडे बघायला लागले. "तो म्हणाला ना, बंद कर."

"कोण म्हणाला?"

"हा! खात्यात कोणाचं कोणाला ऐकू येतं, वहिनी? सगळं हातानेच चालतं. कानाला बोटं म्हणजे यंत्र, पंजा खाली म्हणजे बंद कर."

लग्नानंतर एकदाच डबा द्यायला खात्याच्या दारापर्यंत गेले होते, तेव्हा माणसं हात हलवताना पाहिली होती. मला वाटलं, माशा हाकलताहेत. माय वो! ह्यांना एकटं वाटू नये म्हणून मी सकाळी डोळे उघडल्यापासून टीव्ही लावायचे, ऐकू कमी येतं म्हणून आवाजही मोठा ठेवायचे. आणि हा माणूस दिवसभर म्हणत होता, बंद करा ते. वर मी कानात लसणाचं तेल ओतत होते!

"काय व्हयनं वं?" सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. मी सांगितलं. त्या पलंगाकडे बघत राहिल्या. "म्हंजे मना पोऱ्या बोलस?"

त्यांचा पोरगा बोलत होताच की! भाऊ पलंगाच्या कडेला टेकले आणि दोघांचे हात सुरू झाले. एकाचे दोन, दुसऱ्याचा एकच, तोही डावा. भाऊ मधेच हसायचे, मधेच बाहीने डोळे पुसायचे. ह्यांच्या घशातून हूं हूं निघत होतं. इतक्या महिन्यांत मी त्यांचा चेहरा असा हललेला पाहिला नव्हता. मला आनंद झाला की नाही ते ठाऊक नाही, धक्काच एवढा बसला होता. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर, नवरा रोज बोलत होता आणि मला भाषा माहीत नव्हती.

मग ह्यांनी प्रिंटरकडे बोट दाखवलं आणि स्वतःचं कपाळ पुसलं. पुन्हा दाखवलं, पुन्हा पुसलं.

"हे काही खात्यातलं नाही," भाऊ म्हणाले. "कपाळ पूस म्हणतो?"

मी प्रिंटरकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बटणांच्या शेजारी सासूबाईंचा तो भला थोरला टिळा. मी पदराचं टोक ओलं करून पुसला. खाली बत्ती निळी निळी लुकलुकत होती. मेली पहिल्या बटणापासून लुकलुकत असणार, आणि मी ती पेटत नाही म्हणून परत परत दाबून दर वेळी विझवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पलंगावरून, बाजूने, ह्यांना टिळ्याच्या कडेचा उजेड दिसला असणार.

"मी कुंकू कपाळालेच लाव्हं व्हतं," सासूबाई पुटपुटल्या.

लेकीला परत फोन केला. फोनमध्ये प्रिंटरचं नाव दिसलं, त्यावर बोट ठेवलं, वायफायचा पासवर्ड घातला. बत्ती लुकलुकायची थांबली आणि नीट पेटून राहिली. एवढंच काम होतं. मग डबा कुरकुरला आणि त्याच्या पोटातून एकेक चित्र सरकत बाहेर आलं. पाण्याचा ग्लास, चहाचा कप, संडास, दुखणारं डोकं, पांघरूण. लेक तिकडे टाळ्या वाजवत होती. मी चित्रं पलंगावर मांडली.

"आता सांगा, काय हवंय?"

ह्यांनी चित्रं एक एक करून पाहिली. सासूबाई देवाचं नाव घेत उभ्या. दिवस कलला होता, म्हणून मी बोलता बोलता तवा तापत ठेवला, पहिली पोळी लाटून टाकली आणि वळून बघितलं. ह्यांनी चित्रं बाजूला सारली होती. छातीवर थाप मारली आणि हात हळूहळू खाली नेला.

"हे बघा," मी भाऊंना म्हटलं, "हे रोजचं. रोज याच वेळेला. गॅस होतो. थांबा, ओव्याचं पाणी देते."

भाऊ खाली बघत राहिले.

"काय झालं? हेही खात्यातलंच का?"

"वहिनी," ते म्हणाले. "शेजारच्या यंत्रावरचा माणूस थकलेला दिसला की आम्ही असं करायचो. छातीवर थाप म्हणजे मी आहे. हात खाली म्हणजे तू बस. तू बस जरा, तुझी यंत्रं मी बघतो."

माझ्या हातात लाटणं तसंच राहिलं. सकाळपासून मजुरीवर साड्यांना खडे चिकटवायचे, मग ह्यांचं सगळं, मग सासूबाईंचं, मग पोळ्या. माझे पाय दुखतात हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्याला कूस बदलता येत नाही तो माणूस रोज संध्याकाळी मला म्हणत होता, तू बस, मी बघतो. आणि मी त्याला ओव्याचं पाणी पाजून परत ओट्याशी उभी राहत होते. मला रडू आलं. भाऊंसमोर, सासूबाईंसमोर, फोनवर लेक असताना, मी तोंडात पदर न धरता रडले.

ह्यांनी पुन्हा थाप मारली आणि हात खाली नेला.

मी बसले. पलंगावर, त्यांच्या पायाशी, चित्रांच्या शेजारी. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते आत, शेगडीकडे, तव्यावरच्या पोळीकडे नजर लावून होते. थोड्या वेळाने त्यांनी दोन बोटं कानाला लावली आणि पंजा खाली झटकला.

पोळी करपत होती. मी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसले.