पुन्हा एकदा हात द्या

संध्या तायडेचं आता काय होणार, हा विचार माधवी गावंडेच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता. दुपारी शेजारच्या चंदाबाई पुतण्याच्या लग्नाचं सांगून गेल्या. माधवीनं हो हो केलं, पण लग्न पातूरला आहे की धामणगावला, हेही तिच्या लक्षात राहिलं नाही. संध्याकाळच्या भाजीत मीठ दोनदा पडलं.

खरं म्हणजे संध्या तिच्या नात्यागोत्यातली नाही. माधवीची मुलगी रागिणी अकोल्यातल्या एका करिअर कॉलेजात लॅब टेक्निशियनचा कोर्स करते. रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट बनवायचा, असं ते काम. संध्या तिथं शिकवते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवले तेवढे तास आपले, सुट्टीत काही नाही, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते कोणीच सांगत नाही. यंदा तिथं एक कायमची जागा निघाली. आज सकाळी मुलाखती झाल्या. पालकांची प्रतिनिधी म्हणून माधवीही त्या खोलीत बसली होती, आणि निकाल काय लागणार हे तिला तिथंच कळून चुकलं होतं.

संध्या पातूरची. उंचीनं लहान, आवाजानं मोठी. अमरावतीला शिकली, तिथल्याच दोन-तीन लॅबमध्ये काम केलं आणि मग शिकवायला लागली. पातूरहून रोज एसटीनं येते. डब्यात ज्वारीची भाकर आणि असा ठेचा, की मधल्या सुट्टीनंतर वर्गातल्या निम्म्या पोरी हुसहुस करत पाणी शोधत असतात. लग्नाचं कोणी विचारलं तर म्हणते, "बाबा पाहून राहिले. पोराले रक्त पाहून चक्कर नाही आली पायजे, एवढीच माही अट."

माधवीची आणि तिची पहिली भेट भांडणातून झाली.

मागच्या हिवाळ्यात मुलींना एका दवाखान्यात सरावाला नेलं होतं. रागिणीनं नत्थुजी नावाच्या म्हाताऱ्याचं रक्त काढलं. घाबरली असेल, सिरिंज जोरात ओढली. असं ओढलं की रक्तातल्या पेशी फुटतात, नळीत वर येणारं पिवळसर पाणी लाल होतं आणि रिपोर्टात आकडे खोटे येतात. रागिणीला ते दिसलं. तिनं नळी हळूच बाकीच्या नळ्यांच्या मागं सरकवली. लपवण्यात ही पोरगी लहानपणापासून पटाईत. लोणच्याची बरणी फुटली तेव्हा तिनं तुकडे कुंडीतल्या मातीत पुरले होते, आणि माधवीला ते माती बदलताना सापडले होते.

संध्यानं ती नळी बाहेर काढली आणि उजेडात धरली.

"काहून लाल झालं?"

रागिणी बाकीच्या नळ्या सारख्या करू लागली.

"मंग चाल."

तिनं रागिणीला पुन्हा त्या म्हाताऱ्याच्या खाटेपाशी नेलं आणि सगळ्या वॉर्डासमोर तिच्याकडून म्हणवून घेतलं, "बाबा, माझ्याकडून चूक झाली. पुन्हा एकदा हात द्या."

नत्थुजी उखडले. "काहून वं पोरी? माहं रक्त तुले नळाचं पानी वाटलं काय? तोटी फिरवली अन् भरली बादली?"

"नळाले तं चार-चार दिवस पानी येत नाही, बाबा," संध्या म्हणाली. "तुमचं बरं, चोवीस तास सुरू हाये."

शेजारच्या खाटेवरचा माणूस इतका हसला की त्याला ढास लागली. नत्थुजींनी दोघींनाही दोन-चार शेलक्या शिव्या दिल्या आणि दुसरा हात पुढं केला. "घे. पन आता चहा पाजल्याशिवाय सुटका नाही तुमची."

रागिणी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. माधवी दुसऱ्याच दिवशी तणतणत कॉलेजात गेली. माझ्या मुलीचा चारचौघांत पाणउतारा करणारी ही कोण, हे तिला बघायचं होतं. संध्या जेवायला बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग भाकरीचा तुकडा खाली ठेवून म्हणाली, "ताई, सुई टोचणं महिन्या-दोन महिन्यांत कोणालेही येते. चुकल्यावर पेशंटपाशी परत जाणं नाही येत. पाय उचलत नाहीत."

"अहो, पण सगळ्यांसमोर?"

"एकटी कुठं पाठवली तिले? मी बाजूलेच होती ना. अर्ध्या शिव्या तं मलेच भेटल्या."

माधवीला हसू आलं, आणि ते आल्याचा रागही आला. मग संध्यानं आपल्या वडिलांचं सांगितलं. शेषराव दवाखान्यात वॉर्डबॉय होते. "नळी कोणाच्याही हातून फुटो, नाव बाबाचं. डॉक्टर म्हने शेषराव, सिस्टर म्हने शेषराव. बाबा घरी येऊन हसत, का आज मी तीन ठिकाणी एकाच टायमाले चुकलो म्हनून. आमी पण हसू. मी नोकरीले लागली तवा कळलं, का हसण्यासारखं काही नव्हतं त्याच्यात."

तिच्या वर्गात सुईच्याही आधी 'पुन्हा एकदा हात द्या' हे वाक्य शिकवतात, हे माधवीला त्या दिवशी कळलं. एकीनं चुकलेली टेक्निशियन व्हायचं, दुसरीनं चिडलेला पेशंट. पेशंट व्हायला पोरींमध्ये भांडणं लागतात, कारण मनसोक्त शिव्या देता येतात. भांडायला गेलेली माधवी ठेचा खाऊन, डोळे पुसत घरी आली.

आणि मग उन्हाळ्यात कधीतरी मिक्सरचं भांडं फुटल्याचा आवाज आला. माधवी उठेपर्यंत रागिणी समोर येऊन उभी. "आई, माझ्या हातून पडलं. झाकण नीट बसवलं नव्हतं मी." माधवी ओरडायचंच विसरली. आपल्याला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते या बाईनं कसं केलं, याचं तिला नवल वाटलं, आणि थोडी असूयाही.

तर आज सकाळची मुलाखत.

आधी धर्मेंद्र सर आले. अमरावतीहून आलेले, एम.एस्सी., कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं स्वच्छ, अधूनमधून इंग्रजी. पडद्यावर त्यांनी हृदय धडधडताना दाखवलं, रक्त कुठून कुठं वाहतं ते रंगांत दाखवलं. माणूस हुशार, यात शंका नाही. समोर बसवलेल्या मुलामुलींनी टाळ्या वाजवल्या.

मग संध्या. ती म्हणाली, मला पडदा नको, कोणाचा तरी हात पाहिजे. संस्थेचे अध्यक्ष वामनराव गुरांच्या सरकी-ढेपेच्या व्यापारातले, गमत्या माणूस. त्यांनीच बाही वर केली. "माहाच घ्या. पाहू तरी."

वामनरावांचा हात म्हणजे चांगलाच भरलेला. संध्यानं पट्टा बांधला, बोटानं चाचपलं, सुई घातली. नळीत थेंबही आला नाही. माधवीचा जीव टांगणीला लागला. आता ही काहीतरी कारण सांगेल, सुई बोथट होती म्हणेल, असं तिला वाटलं. निदान तसं म्हणावं अशी तिची इच्छा होती.

संध्यानं सुई काढली, कापूस दाबून धरला. "सर, माझ्याकडून चूक झाली. पुन्हा एकदा हात द्या."

"राहू द्या, बाई," वामनरावांनी बाही खाली केली. "थोडं राहू द्या अंगात. पोरीचं लग्न काढलं हाये मी."

सगळे हसले. संध्याही हसली. मग मुलांकडे वळून तिनं विचारलं, "काहून चुकलं?"

शेवटी मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, शीर सरकली."

"काहून सरकली?"

"तुम्ही अंगठ्यानं नीट दाबून धरली नव्हती."

"बराबर. अध्यक्षांचा हात म्हणून मी भेली अन् हलका धरला. तुमी भेऊ नका. हात अध्यक्षाचा असो का चपराश्याचा, अंगठा सारखाच दाबाचा."

मुलं बाहेर गेल्यावर प्राचार्य कुंदन सरांनी पेन खाली ठेवलं. "शिकवणारीच चुकते, तर पुढं बोलायचं काय?"

वामनराव अडखळले. "बाई मेहनती हाये, नाही असं नाही. पण कुंदन सर म्हणतात तेही खरं. पालक फी भरतात. त्याइले वाटते, मास्तर असा पायजे का पोरगं घरी येऊन म्हणलं पायजे, आमचे सर लय भारी. ही तं काहून-काहून करून राहिली." मग ते माधवीकडे वळले. "ताई, तुमी पालक. तुमचं काय म्हणणं?"

कुंदन सर माधवीकडे पाहत होते. रागिणीचे अंतर्गत गुण तेच देणार होते.

"तुम्ही ठरवाल ते योग्यच असेल," माधवी म्हणाली.

उद्या सकाळी धर्मेंद्र सरांच्या नेमणुकीवर सही व्हायची होती.

"आता बास कर ना," माधवीचा नवरा किशोर म्हणाला. तो ऑफिसातून येऊन टीव्हीसमोर बसला होता आणि माधवीनं त्याला हे सगळं दुसऱ्यांदा सांगितलं होतं. "तुले काय करायचं आहे? ती शिकलेली बाई आहे, दुसरीकडे लागेल. आपली पोरगी अजून सहा महिने त्याइच्या ताब्यात आहे."

हे म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच माधवीला ते लागलं.

तेवढ्यात रागिणी आली. चपला एकीकडे, पिशवी एकीकडे, आणि चेहरा फुललेला. "आई, नवे सर किती चांगले आहेत! कुंदन सरांनी दुपारचं प्रॅक्टिकल त्यांनाच घ्यायला लावलं. तायडे मॅडम लायब्ररीत बसून होत्या."

"काय शिकवलं त्यांनी?"

"शिकवलं खूप. पण ऐक ना. माझी नळी आज पुन्हा लाल झाली. मला वाटलं, झालं, आता पुन्हा सगळ्यांसमोर हात मागायला लागणार. पण सरांनी बघितलं, गुपचूप बेसिनमध्ये ओतली आणि म्हणाले, घाबरू नकोस, शेजारच्या नळीचे आकडे लिही. कोणाला कळूसुद्धा दिलं नाही."

"शेजारची नळी कोणाची होती?"

"असेल कोणाची तरी. सरावच तर आहे, आई."

किशोर म्हणाला, "बघ. पोरीले न रडवताही शिकवता येते."

माधवी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. इतकी मोकळी, इतकी निर्धास्त ती कित्येक दिवसांत दिसली नव्हती, आणि तेच माधवीला सहन होईना. धर्मेंद्र सर वाईट नव्हते. त्यांनी मायेनंच केलं होतं. त्या जागी माधवी असती तर तिनंही तेच केलं असतं, पदराखाली घेतलं असतं. पण पदराखाली घ्यायला घरी आई आहे. वर्षभरानं ही पोरगी चिखलद‍ऱ्याच्या बाजूच्या एखाद्या दवाखान्यात एकटी असेल. नळी लाल होईल. पेशंट लांबच्या गावची बाळंतीण असेल, तिला पुन्हा टोचायचं म्हणजे तिच्या सासूची बोलणी खायची. आणि शेजारी एक चांगली नळी तयार असेल. तेव्हा रागिणीला कोण आठवेल? पेशंटपर्यंत परत जायला तिच्या पायांत बळ कोणी दिलेलं असेल?

चूक झाकायची सवय लागायला एक दुपार पुरते. एका दुपारीच पोरीला किती बरं वाटायला लागलं होतं.

वामनराव काही दगड नाही, माधवीनं मनाशी मांडायला सुरुवात केली. हात मागितला तर बाही खाली केली, पण बाई मेहनती आहे, हेही तेच म्हणाले. त्यांना पालकांची भीती आहे. मग पालक मीच आहे की. मुलगी माझी, विचारलं त्यांनी मला, आणि मी गुळमुळीत बोलले. धर्मेंद्र सरांना पुस्तकातलं शिकवू द्या, ते छान शिकवतात. पण जिथं माणसाच्या अंगात सुई जाते, तिथं स्वतः चुकल्यावर सगळ्यांसमोर 'काहून चुकलं' विचारणारी बाई हवी. ती जागा तिची. हे एवढं तर सांगता येईल. आणि लागलंच तर बाकीच्या चार पालकांना घेऊन सकाळी दारात उभं राहता येईल.

"मी वामनरावांना फोन करते," ती म्हणाली.

रागिणीचा चेहरा उतरला. "आई, नको ना. कुंदन सरांना कळलं तर? माझे इंटर्नल?"

"कमी देतील."

"आई!"

"कमी देतील, तर पुन्हा बसशील परीक्षेला. मी येईन सोबत, बाहेर बाकड्यावर बसून राहीन. पण नळी ओतून दिलेली मला चालणार नाही."

"सकाळी का नाही बोललीस मग?" रागिणीनं विचारलं. ते खोचक होतं, आणि उत्तर तिला माहीत होतं.

"नाही बोलले, ते तुझ्यासाठीच," माधवी म्हणाली. "आता बोलते, तेही तुझ्यासाठीच."

माधवीनं गॅस बंद केला, ओला हात साडीला पुसला आणि फोनमध्ये वामनरावांचं नाव शोधलं. जेवायच्या आधीची वेळ, ते घरीच असणार.

"टीव्हीचा आवाज जरा कमी करा," ती किशोरला म्हणाली. "मला नीट बोलायचं आहे."