आत्या टेकली नाही तो दिवस

टेकू आत्या घरापासून विहिरीपर्यंत कधी एका दमात गेली नाही. वाटेत चिकूची सहा झाडं. त्यांतल्या तिसऱ्याला आणि पाचव्याला तिची पाठ लागायचीच. ती वडिलांची धाकटी बहीण, लग्न न झालेली, डहाणूच्या आमच्या वाडीतच राहणारी. टेकू हे नाव मी ठेवलं, आठ वर्षांची असताना, आणि ते गावभर झालं.

टेकल्यावर ती नुसती उभी राहायची नाही. हाताला येईल तो चिकू नखाने हलकेच खरवडायची. आत हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळट दिसलं तर उतरवायला तयार. "बघत होते गं, या झाडाचं कुठवर आलंय," असं म्हणायची, तेही तुकड्यातुकड्यांनी. कामाला येणाऱ्या बायका म्हणत, आत्याला चिकूतलं फार कळतं. आई म्हणायची, कामचुकारपणातलं जास्त कळतं. मी मात्र तिचे निळसर पडलेले ओठ जवळून पाहिले होते. "घरी बोलू नकोस हं," आत्या म्हणाली, "उद्या तुझं लग्न जमवताना लोक विचारतील, हिच्या घरात काय आहे म्हणून." मला ते पटलं. सोयीचंच होतं ना.

पुढे तलासरीहून मला बघायला मंडळी यायची होती. सकाळीच मी तिला गाठलं. "आत्या, आज पाहुण्यांसमोर टेकू नकोस."

"एवढंच ना?" ती हसली.

पाहुण्यांना वाडी दाखवायला तीच गेली. तिसरं झाड मागे पडलं, पाचवं पडलं, विहीर आली. आत्या बोलत होती, चालत होती. माझी होणारी सासू म्हणालीसुद्धा, "घरातली माणसं काटक दिसतात." पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि आत्या मागच्या दारी कोसळली. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं, तर "पसंत पडली ना?" होकार आला. ती पुन्हा विहिरीकडे गेली नाही. माझ्या लग्नाला दोन महिने असताना वारली. सासरी आम्ही "अचानक गेली" एवढंच कळवलं.

गेल्या वर्षी माझी मुलगी तनुजा जिना चढताना चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला धाप लागायची? कोणी तरुणपणी गेलंय?" मी म्हणाले, "कोणी नाही." तिच्याही लग्नाची बोलणी चालली होती, आणि ते उत्तर माझ्या तोंडी बसलेलं होतं. दम्याचे पंप ओढण्यात तिचे आठ महिने गेले.

मग मुंबईला खरं निदान झालं. फुफ्फुसात रक्त नेणाऱ्या धमन्यांतला दाब वाढला होता. जनुकांच्या तपासणीत कारणही सापडलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "धमनीच्या स्नायूपेशींना बारीक दारं असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर जातं, म्हणून धमनी सैल राहते. ते दार घडवणाऱ्या जनुकातच बदल आहे. दार नीट चालत नाही, धमनी आवळलेली राहते, आणि हृदयावर ताण येतो." तोच बदल माझ्या रक्तातही निघाला. मला त्रास झाला नाही. काहींना होत नाही म्हणे. बाईंनी घराण्याचा तक्ता काढायला घेतला. माझ्या वडिलांच्या शेजारी त्यांच्या बहिणीसाठी एक गोल काढून त्यांनी विचारलं, "यांचं नाव?" माझ्या तोंडात टेकूच आलं. ते गिळून मी शालिनी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

"हे आधी कळलं असतं तर दम्यामागे इतके महिने घालवले नसते," त्या शांतपणे म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मुलाकडच्यांना मी स्वतः फोन करून सांगितलं. त्यांनी बोलणी थांबवली. तनुजा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. औषधं चालू आहेत, थोडा फरक आहे. धाप लागली की थांबायचं, अशी ताकीद आहे.

परवा आम्ही दोघी वाडीत गेलो होतो. पुढे बायका चिकू उतरवत होत्या. तिसऱ्या झाडापाशी तनुजा मंदावली. तिने बायकांकडे पाहिलं, मग हात वर करून एक चिकू नखाने खरवडला.

"बघत होते," ती तुकड्यातुकड्यांनी म्हणाली, "तयार झालाय का."

मी तिचा हात धरून खाली घेतला. "चिकू राहू दे. धाप लागलीय ना? मग टेक."

"आई, त्या बघतायत."

"बघू देत," मी म्हणाले, आणि तिच्या शेजारी मीही पाठ टेकली.